जोडीतला दुसरा

विल्फने आणखी एक लीक उपटला, पहिल्याशेजारी धरून पाहिला आणि चिडून बाजूला टाकला. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा थोरला भाऊ. पहिला तर मनगटाएवढा जाड, दुधासारखा पांढरा. पण प्रदर्शनात जोडी मांडावी लागते, आणि ह्याचा मॅरा काही सापडेना.

इंग्लंडातल्या डरहमच्या खाणगावांत जोडीतल्या दुसऱ्याला मॅरा म्हणत, मग तो मोजा असो की लीक. खाणीत एकाच जागी कोळसा फोडणारे दोघेही एकमेकांचे मॅरा. वरून दगड सुटला तर एकाने दुसऱ्याला ओढून काढायचं, असा तो शब्द. आता बसथांब्यावरची पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याला मॅरा म्हणतात. विल्फच्या अंगाचा तिळपापड होतो.

त्याचा मॅरा होता सेप. कुंपणापलीकडचा वाफा सेपचाच. खाणकामगारांच्या संपात सेपच्या घरात दाणा नव्हता, पाळण्यातली पोर तापाने फणफणलेली, तेव्हा सेप संप मोडून सगळ्यांच्या आधी कामावर गेला. त्या दिवसापासून विल्फने त्याच्याशी बोलणं टाकलं. चाळीस वर्षं दोघांनी एकमेकांकडे पाठ करून लीक वाढवले. परवा सेपला पुरलं. विल्फ गेला नाही.

"विल्फकाका," कुंपणापलीकडून हेझलने हाक मारली. पाळण्यातली ती पोर हीच. तिच्या हातात एक जाडजूड पांढरा लीक होता. "बाबांनी तुमच्यासाठी राखलाय. म्हणाले, विल्फला जोड लागेल."

"जोडी एकाच वाफ्यातली लागते. ठाऊक होतं की त्याला."

"होतं ना. म्हणाले, घेणार नाही तो हट्टी म्हातारा. तरी दे."

विल्फने हात पुढे केला.

दुपारी क्लबातल्या प्रदर्शनाच्या टेबलावर त्याने दोन्ही लीक शेजारी-शेजारी मांडले. जाडीत तसूभर फरक नव्हता. परीक्षक क्लिफ वाकला, त्याने पातीवरून बोट फिरवलं आणि तो थबकला. सेपचं पीक गावात कोण ओळखणार नाही?

"बाद होतील रे दोन्ही," तो हळूच म्हणाला.

"होऊ देत." विल्फ म्हणाला. "पण उचलताना वेगळे करू नकोस त्यांना."