नव्या दालनातली पहिली सहल

“नुसते फोटो कोण बघतं? अनुभव द्या, गर्दी वाढेल,” असं विश्वस्तांना पटवून रोहेकरबाईंनी ज्यू-संहार संग्रहालयाचं नवं दालन उभारलं होतं. आज पहिली सहल आली. निम्म्या वर्गाच्या छातीवर त्यांनी पिवळा तारा लावला, हिटलरच्या जर्मनीत ज्यूंना लावावा लागे तसा. ताऱ्यावाले कोपऱ्यात, बाकीचे बाकांवर.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “चला, आता सगळे बाकांवर या.”

“ए, तुम्ही नाही हां! तिथंच बसा!” बाकांवरची मुलं ओरडली.

“काय पटकन शिकली!” सोबतच्या सरांना कौतुक आवरेना. “आणि कोपऱ्यातली बघा, चिडीचूप. परतीच्या बसमध्येही तारे राहू द्या की, मॅडम.”

तारा काढायला बाईंनी घाईघाईनं हात पुढे केला. समोरची मुलगी भिंतीला चिकटली.

“मी काही केलं नाही, मॅडम.”