डांबर मंजूर

"धुळीने गाडी पांढरीफटक होते, आई. डांबर पडल्याशिवाय मी काही या टेकडीवर पाऊल ठेवणार नाही," असं म्हणून आर्जियाचा लेक इव्हो फ्लॉरेन्सला गेला, तो गेलाच. म्हातारीला लिहिता यायची ती फक्त स्वतःची सही, पण घराच्या कच्च्या रस्त्यासाठी तिने अकरा वर्षं अर्जांवर तीच गिरवली.

आज चर्चमधला रविवारचा मिस्सा आटोपून नगराध्यक्ष गुइदो स्वतः कागद नाचवत तिच्या दारात आला.

"आर्जियाकाकू, तोंड गोड करा! डांबर मंजूर झालं. उद्या रोलर येतोय."

"आल्या वाटेने परत पाठव त्याला."

"अहो, अकरा वर्षं माझं डोकं तुम्हीच खाल्लंत ना?"

"खाल्लं. आता पोट भरलं. रोलर दिसला ना गुइदो, तर भर रस्त्यात खुर्ची टाकून बसेन, सांगून ठेवते!"



तेवढ्यात सायकलच्या घट्ट चड्डीतला, नखशिखांत धुळीने माखलेला इव्हो स्वयंपाकघरातून ओरडला, "आई, पावाचं सूप अजून वाढ गं! पुढच्या रविवारी मित्रांनाही आणतो. सायकलला असा खडीचा रस्ता शहरात कुठे मिळतोय!"