गलाहची नवी आवृत्ती

“तुम्ही न विचारता एका बाईच्या घरात शिरलात आणि तिचा सोबती उचलून फेकून दिलात! आमच्याकडे याला दरोडा म्हणतात!”

लिंडसे ट्रेव्हॉरो स्पीकर लावलेल्या फोनवर ओरडत होता. ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावातल्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये जीव उकडून निघत होता, पण बेरिल हॉकिंग हलायला तयार नव्हती. लॅपटॉप बाजाराच्या पिशवीत घालून ती सकाळीच बसने आली होती. डोळे जाऊन तिला नऊ वर्षं झाली होती. लिंडसेचा ‘गलाह’, तिकडच्या गुलाबी काकाकुव्याचं नाव दिलेला संगणकी प्रोग्राम, तिच्याशी बुद्धिबळ खेळायचा. आपली चाल मोठ्याने सांगायचा, तिची ऐकायचा, ती विचारात पडली की गप्प बसायचा. दुसरं कोणी खेळायला उरलंच नव्हतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर लिंडसेने अकरा वर्षं खपून तो प्रोग्राम लिहिला, आणि मागेल त्याला फुकट दिला. मंगळवारी बेरिलच्या लॅपटॉपमधल्या व्हायरस-पहारेकऱ्याने तो आपणहून पुसून टाकला.

“सर, ती फाइल आमच्या ओळखीची नाही,” त्या पहारेकऱ्याच्या कंपनीतली मुलगी गोड आवाजात म्हणाली. “फार कमी लोकांनी घेतलीय. अशी फाइल धोक्याची धरतात.”

“कमी? दोन हजार माणसं खेळतात माझ्या गलाहशी!”

“त्या जुन्या आवृत्त्या, सर. ही सोमवारची, ही तिघांनीच घेतलीय. नवी आवृत्ती म्हणजे पुन्हा अनोळखी. तुम्ही वर्षात एक्केचाळीस काढल्यात.”

बेरिलने मान वळवली. “सोमवारी काय बदललंस रे?”

“घोडा कोपऱ्यात असला की त्याची किंमत कमी धरली,” लिंडसे पुटपुटला. “अगदी जराशी.”

“आणि त्याच्या आधी?”

“उंटाची.”

“मेल्या! मी कधी घोड्याची तक्रार केली होती? हरत होते ना सुखाने? जुनी घाल परत.”

“चूक दिसल्यावर तशीच कशी देऊ लोकांना?”

“मी लोक नाही. घाल!”

“जुन्याही चालणार नाहीत, मॅडम,” फोनमधून आवाज आला. “एकाच माणसाच्या आहेत. आता सगळ्यांवर धोक्याचा शिक्का बसलाय.”

लिंडसेच्या आता लक्षात आलं. एक्केचाळीस वेळा त्याने स्वतःच्या हाताने गलाहला परका करून ठेवला होता.

बेरिलने चाचपडत फोन ओढून घेतला.

“लॅपटॉप माझा. मी सांगते, मला हा चालतो. मग?”

“ते तुमच्या हातात नाही, मॅडम.”

“कोणाच्या हातात आहे?”

“तो निर्णय वरून होतो.”

“वर कोण बसलंय? बाई आहे का बुवा? नाव सांग.”

“एक मिनिट थांबा हं, मॅडम.” पलीकडे गोड संगीत सुरू झालं.

बेरिलने फोन तोंडाशी धरला आणि त्या संगीतावर ओरडली, “मला गाणं नकोय, पोरी! नाव सांग!”