चालून दाखव

"किल्ली दे ना, माय," उज्वला तिसऱ्यांदा म्हणाली.

गुणाबाईंनी कमरेची किल्ली आणखी खोल खोचली. "तुला बघायला पाहुणे येऊन राहिले. तोंड धू."

पेटीत उज्वलाचे बूट होते. काल वडिलांनी, अण्णांनी, स्वतःच्या हाताने ते कुलपात टाकले होते. उज्वला शर्यतीत चालायची. धावायची नाही, चालायची. एक पाय कायम जमिनीला टेकलेला, गुडघा ताठ, कंबर हेलकावे खाणारी. एका कंपनीच्या संघात ती पगारी होती. उद्या सकाळी विष्णुपुरीच्या रस्त्यावर राज्याच्या संघासाठी निवडीची शर्यत होती, आणि यंदा पहिल्यांदाच बायांना पुरुषांइतकंच अंतर होतं, पस्तीस किलोमीटर. बक्षीसही बरोबरीचं. आज पाचच्या आत नांदेडला जाऊन छातीवरचा नंबर घेतला नाही, तर नाव कापलं जाणार होतं. साडेबाराची एसटी गाठायलाच हवी होती. फाटा दोन किलोमीटरवर. तिच्या पायांना दहा मिनिटं.

धाकटा भाऊ सत्यम त्याच निवडीसाठी सकाळीच गेला. सरावात तो दर वेळी तिच्या मागेच असायचा, पण त्याला पाहायला कुणी येत नव्हतं. मायने पहाटे उठून धपाटे केले, दोन फडक्यांत बांधले. एक सत्यमला दिलं. दुसरं पाहुण्यांना वाटेत खायला असेल, असं उज्वलाच्या मनात आलं आणि तिला रडूच फुटलं. सख्ख्या आईचा एवढा राग तिला कधी आला नव्हता.

"साडी नेसव तिला," अण्णा बाहेरून म्हणाले.

"नको. पाय अडकून आपटंल पाहुण्यांपुढं. ड्रेसच बरा."

टोमणा मारल्याशिवाय मायचं एक काम व्हायचं नाही.

कंधारचे पाहुणे साडेअकराला आले. पोहे झाले, चहा झाला. मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याचे चुलते अमृतराव घसा खाकरून म्हणाले, "लग्नानंतर हे चालणं-बिलणं बंद बरं का."

"बंदच की," अण्णा म्हणाले.

उज्वलाला कुणी विचारलंही नाही. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते.

अमृतराव जरा घुटमळले. "अजून एक. राग मानू नका. कानावर आलं, पोरगी लई कंबर हलवत चालते म्हणून. पायात काही खोट तर न्हाई?"

अण्णांचा चेहरा पडला. पण दारात उभ्या गुणाबाई लगेच बोलल्या, "मागून बोल नको, पाहुणे. चालवूनच बघा."

"हाव, हे बरं. चार पावलं चालून दाखव, पोरी."

"इथं बैठकीत जागा कुठं हाय?" गुणाबाई म्हणाल्या. "अंगणात चालू द्या तिला. तुम्ही बसा निवांत, खिडकीतून दिसतंय समदं."

उज्वला उठली. बाजारात बैलालाही असंच चालवून बघतात. डोळे भरून आले तरी ती निमूटपणे दाराबाहेर पडली. माय तिच्या मागोमाग आली.

ओसरीखाली पाहुण्यांच्या चपला ओळीने काढलेल्या होत्या. ओळीच्या टोकाला तिचे बूट होते, नाड्या सैल करून ठेवलेले, आणि शेजारी धपाट्यांचं दुसरं फडकं.

"पाहुणे चाल म्हणलेत ना?" गुणाबाई हळूच म्हणाल्या. "मग चाल. फाटा येईपर्यंत मागं बघू नको."