पंधराशे देनारियस

"अरे, स्वतःची किंमत मोजताना तरी जरा हात सैल सोड!" वेत्तियस सावकार हसत म्हणाला.

दियोक्लेसने मान वर केली नाही. ओस्तियाच्या बंदरावर आपल्या तोडीचा नाणेपारखी नाही, हे त्याला ठाऊक होतं. चांदीचं नाणं, देनारियस, दगडावर आपटायचा, कान द्यायचा. खोटा निघाला की कोपऱ्यातल्या टोपलीत. टोपली भरली की तांबटाकडे, वितळवायला. नऊ वर्षं तो वेत्तियसचा गुलाम म्हणून हेच करत होता.

समोर त्याची बायको हेदोनी उभी होती. ती गुलामीतून केव्हाच सुटली होती आणि त्याच तांबटाकडे भाता ओढायचं काम करत होती. नवऱ्याला सोडवायला तिने आठशे जमवले, तेव्हा सावकाराने बाराशे मागितले. बाराशे झाले, तर पंधराशे. आज तिने पंधराशे ओतले होते.

टण्. टण्. टण्. दियोक्लेस थांबला. सहसा तो नाणं कापत नसे, पण हे त्याने कापलं. चांदीच्या पापुद्र्याखाली तांबं होतं.

"बायकोचंही सोडलं नाहीस!" सावकाराने मांडीवर थाप मारली. "काय गं बाई, फसवतेस मला?"

"कुणीतरी मलाच फसवलं असेल, मालक," हेदोनी म्हणाली. तिने कमरेचं एक नाणं काढून दिलं. दियोक्लेसने ते वाजवलं आणि ढिगात टाकलं.

"पंधराशे. पुरे आहेत, मालक."

पिशवी बांधली गेली. तिला हस्तिदंती पट्टी लागली: 'वेत्तियसच्या दियोक्लेसने पारखलं.' अशी पिशवी पुन्हा उघडून बघायची नाही, हा बाजाराचा रिवाज. सावकाराने ती पेटीत टाकली आणि शेजाऱ्यांदेखत दियोक्लेसच्या डोक्यावर सुटलेल्या माणसाची लोकरी टोपी ठेवली.

"तुझ्यासारखा इमानी माणूस मिळणार नाही रे मला," तो म्हणाला. त्याचे डोळे खरंच पाणावले होते.

दुपारी दोघांना घेऊन गलबत किनाऱ्यापासून सुटलं, तशी हेदोनीने पदराखालचं जड गाठोडं दियोक्लेसच्या मांडीवर ठेवलं.

"हे आपले बाराशे. एक कमी आहे. तू कापलंस म्हणून खरं द्यावं लागलं."

"असू दे," दियोक्लेस म्हणाला. "टोपलीतल्या नाण्यांत एक तरी खरं हवंच होतं."