हाताला येणारा कावळा

"तुझा शेठच दे गो, बिल्किस. हाताला येतो, पकडायचाही त्रास नाही," सुलेमानचाचा म्हणाले.

बिल्किसच्या हातातली बोंबलांची जोडी तशीच राहिली. बुरोंडीत बोंबील सुकायला दोरीवर चढले की कावळ्यांच्या धाडी पडतात. एक मेलेला कावळा काठीला टांगला की बाकीचे फिरकत नाहीत, ही इथली रीत. चाचांच्या आणि तिच्या दोऱ्या शेजारी शेजारी. टांगायचा कावळाही दोघांत एकच.

शेठ म्हणजे मे महिन्यातल्या वाऱ्यात माडावरून पडलेलं पिल्लू. बिल्किसने त्याला माशांची आतडी भरवून वाढवलं. चाल अशी तोऱ्याची, की नाव शेठच पडलं. आता तो उडायला लागला होता, पण माणसाची भीती औषधालाही नव्हती. कुणीही हात पुढे केला की स्वारी हजर. धाक बसावा म्हणून तिने झाडू उगारून पाहिला, तर पठ्ठ्या झाडूवरच येऊन बसला.

"शेठ मिळायचा नाही. कावळा मी देते तुम्हाला," ती म्हणाली.

तिने जुना बुरखा फाडला, त्यात काथ्या भरला आणि माडाखाली पडलेली पिसं त्यावर टाचली. सकाळी तो कावळा पाहून चाचाही क्षणभर फसले.

"आज वाचवलास. उद्या दुसरा कुणी त्याची मान मुरगाळील. आण इकडे, मी बांधतो. मेलेला कावळा ज्याच्या हातात दिसेल त्याला ही जात जन्मभर विसरत नाही. डोक्यावर टोचे मारते."

"म्हणून तर मीच बांधणार. त्याच्या लेखी माणूस म्हणजे मी. माझी भीती बसली की सगळ्यांची बसेल."

तिने चेहऱ्यावरची ओढणी मागे सारली. शेठला चेहरा नीट दिसायला हवा होता. मग तो कापडी कावळा उलटा लोंबकळत धरून ती सगळ्या अंगणातून फिरली. माडांवर एकच कालवा उठला. शेठ पत्र्यावर बसून मान वाकडी करून बघत होता.

"शेठ, ये!" तिने रोजच्यासारखा हात पुढे केला.

तो आला. हातावर बसला नाही. सरळ तिच्या डोक्यात चोच हाणली आणि उंच माडावर जाऊन ओरडत बसला.

"बघ, भरवलंस त्याचे पांग फेडले!" चाचा धावले.

केसांतून रक्त ओघळत होतं. बिल्किसने ते पुसलं, मग डोळे पुसले.

"शाबास रे शेठ! आता कुणाच्या बापाच्या हाताला लागायचा नाहीस."