मिठाचं माप

“आज अगदीच पाणचट केलंस,” सासरे सुनेच्या कानाशी कुरकुरले. “पाणी किती ओतलंस?”

सुनेनं डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. सासूबाई फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत गेल्या, की तेवढ्यात त्यांनी केलेलं निम्मं कालवण बेसिनमध्ये जायचं आणि तेवढंच गरम पाणी पातेल्यात यायचं. वर्ष होत आलं होतं या चोरीला. कधी साधायचं, कधी नाही. सासूबाई येऊन चाखायच्या, “हं, आता बरोबर” म्हणायच्या, आणि घरातली दोघं माना डोलवायची.

सासूबाईंच्या पाककृतींच्या पुस्तकांनी लेकीबाळींची उठल्यासुटल्या आईला फोन करायची सवय मोडली होती. ‘चवीपुरतं मीठ’ असं त्यांनी आयुष्यात लिहिलं नाही. ते आळशी माणसाचं काम, म्हणायच्या. त्या माप द्यायच्या, ग्रॅममध्ये, आणि लोक स्वतःच्या जिभेपेक्षा त्या मापावर विश्वास ठेवायचे.

जेवायच्या वेळेला संपादक बाई आल्या, हातात डबा घेऊन. नवं पुस्तक छपाईला जायच्या आधी त्यातला एक पदार्थ घरी करून बघायचा, हा त्यांचा नेम. या वेळी मशरूमचं सूप केलं होतं. दोनदा केलं, म्हणाल्या. माझाच हात बिघडला असणार, पण तुम्ही एकदा चाखून बघा.

सुनेनं सूप वाट्यांत ओतलं, एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. समुद्राचं पाणी परवडलं. वर्षभर तिनं पातेली तेवढी सावरली होती. आकडे मात्र सासूबाईंनी सांगितले तसेच्या तसे टाइप करून पाठवले होते. त्यांच्या मापाला हात लावायची तिची काय छाती? आणि हे एकच सूप नव्हतं. अख्खं पुस्तक होतं.

संपादक बाई पाणी पीत राहिल्या. सासऱ्यांना घोट गिळवेना.

सासूबाईंनी डोळे मिटून चाखलं. सावकाश, पूर्वीसारखंच.

“बिघडलं कुठं? सुरेख झालंय. हे असंच जाऊ दे.”

त्यांनी आणखी एक चमचा घेतला. मग आणखी एक, काहीतरी हरवलेलं शोधावं तसा. मग एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

टाइप करताना माझीच चूक झाली असेल, सून घाईघाईनं म्हणाली. खोटं तिच्या तोंडात आताशा तयारच असायचं.

“चूक कसली? मी सांगितलं तेच माप आहे हे.”

त्या पुन्हा चमचा बुडवणार, तोच सासऱ्यांनी त्यांचं मनगट धरलं. तोंडातला घोट कसाबसा खाली ढकलला.

“पुरे आता,” ते म्हणाले. “तुझी चव गेलीय गं. कधीचीच.”